भाजी आणायला गेलेत

फरीदाबाद, सेक्टर १५
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रेवती,

करोल बागेतल्या लोकरीच्या दुकानात तू निळ्या रंगाच्या तीन छटांपुढे तासभर उभी होतीस, तो शनिवार मला परवा कपाट लावताना आठवला. तू नऊ वर्षांची. आईबाबांना उलान बातरला जाऊन दोन महिने झाले होते, तू आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतीस, आणि तुझ्या एकाही स्वेटरची बाही मनगटापर्यंत पोचत नव्हती. दुकानदार सरदारजी मला म्हणाले, "बेटी पे आसमानी अच्छा लगेगा. बेटी है ना आपकी?" माझ्याआधी तूच "हाँ जी" म्हणून मोकळी झालीस. मी चटकन म्हटलं, "नहीं जी, मैं इसकी मौसी हूँ. सगी भी नहीं, पड़ोस की." परतताना बसमध्ये तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. घरी चपला काढता काढता म्हणालीस, "मावशी, इतकं खरं बोलायची काय गरज होती? तो काय आपल्या घरी येणार होता?"

मी हसले होते. तुझ्या आईला पत्रात लिहून कळवलंही होतं. माझी तेव्हा ख्यातीच होती ना तशी. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घडवलेली, खोटं बोलता न येणारी सुमित्रा. ऑफिसात साहेब म्हणायचे, मैं सीट पे नहीं हूँ बोल देना, आणि दुसऱ्या कोणाला तरी फोन द्यायचे.

तुझा मेसेज मिळाला. तुझी स्वानंदी विचारते आहे की आजी कोण होती, कशी होती. सहा वर्षांची असताना तिनं आजीला शेवटचं पाहिलं, आता सतराची झाली, विचारणारच. तू लिहितेस, "मावशी, तूच सांग तिला. मला नाही जमणार. व्हॉइस मेसेज चालेल." व्हॉइस मेसेज मला चालणार नाही. बोलायला लागले की समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते माझ्या तोंडून आधी येतं. हे वय झाल्यावर आलेलं नाही, आधीपासूनचं आहे, फक्त कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून लिहिते. तू वाच, आणि जेवढं स्वानंदीला सांगावंसं वाटेल तेवढं सांग.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. २९ सप्टेंबरला सकाळी ताई, तुझी आई, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चहा घेत बसल्या होत्या, तशाच गेल्या. कप पडला नव्हता. प्रतीकनं, म्हणजे त्यांच्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थ्यानं, अग्नी दिला. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "ओके. मावशी, प्लीज डू द नीडफुल." मी ते सगळं केलं. तुझ्यावर रागावून लिहीत नाही. हे वाक्य तुझ्या तोंडी कसं आलं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

घर डिसेंबरअखेर रिकामं करायचं हे लक्षात आहे. रोज दोन तास जाऊन आवरते. हवा फार वाईट आहे, खिडक्या उघडता येत नाहीत, त्यामुळे सगळ्या घराला अजून त्यांच्या हिंगाचा वास आहे.

तुझी मावशी


शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय रेवती,

आज स्वानंदीसाठी.

तुझ्या आजीचं माहेर मिरजेचं. गाणं घरात नव्हतं, गल्लीत होतं. तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीत राहून तिचे कान तयार झाले, मग गुरू मिळाले. लग्नात तानपुरा बरोबर आणला. आजोबा परराष्ट्र खात्यात असिस्टंट होते. मोठे साहेब नव्हेत. दूतावासात फायली सांभाळणारे, तार लिहून देणारे, साहेबांची खोली गरम आहे ना ते बघणारे. दर तीन वर्षांनी बदली. दार-ए-सलाम, उलान बातर, प्राग, ताश्कंद, आणि मधे मधे दिल्ली. त्या काळात आमच्यातल्या बायका मुंबईला लग्नाला जाऊन आल्या तरी महिनाभर सांगत बसायच्या. ताई पाऊण जग फिरून आल्या आणि सांगायच्या काय, तर कुठल्या गावाचा सूर कोणता.

खरंच. त्यांना ऐकू यायचंच तसं. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा कुकरची शिटी झाली, तर म्हणाल्या, "तुमचा कुकर कोमल धैवतात आहे. आमचा शुद्ध." जयंत, म्हणजे माझा नवरा, ताटावरून उठून कुकर बघून आला. प्रागची ट्राम गंधारावर निघते, असं त्या छातीठोक सांगायच्या. रेवती, तू होतीस तिथे, तूच स्वानंदीला सांग खरं की खोटं. तिथे खालच्या मजल्यावर एक म्हातारी विधवा राहायची. ताई रियाजाला बसल्या की ती झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायची. ताईंनी आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी दांडा बरोबर समेवर आला. मग ताई खाली गेल्या आणि तिला खुणेनं वर घेऊन आल्या. "जी बाई रागावून का होईना समेवर येते, ती ऐकते आहे," असं त्यांचं म्हणणं.

उलान बातरला उणे तीस तापमान. एका सकाळी तानपुऱ्याचा भोपळा बंदुकीचा बार व्हावा तसा तडकला. दूतावासाच्या ड्रायव्हरनं घोड्याच्या कातडीपासून केलेली खळ आणली आणि दोन दिवस बसून तो सांधला. त्यांच्याकडे घोड्याचं डोकं कोरलेलं एक वाद्य असतं, त्याला हीच खळ लावतात म्हणे. भेग अजून दिसते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तानपुऱ्याला घोड्याचा वास येतो, असं ताई सांगायच्या. मला कधी आला नाही. प्रतीकला येतो.

हे सगळं ऐकायला गोड लागतं. पण एक गोष्ट स्वानंदीनं समजून घ्यावी. ताई दिल्लीला परत यायच्या, मंडळात एखादा कार्यक्रम व्हायचा, चार जाणते लोक म्हणायचे, अरे, ही बाई कोण? पुढच्या महिन्याचं बोलावणं यायचं. कोणी रेडिओच्या परीक्षेला बसा म्हणायचं. की बदलीचा कागद. पुन्हा ट्रंका, पुन्हा भोपळ्याभोवती रजई. परत यावं तोवर ते चार लोक दुसऱ्या कोणाला तरी ऐकत असायचे. असं चार वेळा झालं. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही ह्या वेळी मागे राहा ना. भाऊजी राहतील एकटे तीन वर्षं." तर म्हणाल्या, "अगं, मला फिरायलाही आवडतं. दोन्ही आवडतं हीच तर पंचाईत." त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. पण त्या नवऱ्यामागे फरफटत गेल्या असंही कोणी म्हणू नये. मंगोलियाचा नकाशा त्यांनी आधी मागवला होता.

जयंत मघाशी मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "पत्र लिहितेस की जबानी देतेस?"

मी म्हटलं, "मुलीला आजीबद्दल सांगतेय."

"अच्छा. मग मॉरिशसला कधी पोचणार?"

त्यानं पेपर उचलला आणि बाल्कनीत जाऊन बसला, एवढ्या खराब हवेत.

तुझी मावशी


रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय रेवती,

तुझा मेसेज परवा आला, दोन्ही पत्रं मिळाली म्हणून. झाडूचं वाचून तू हसलीस, ट्रामचं खरं आहे असं तू स्वानंदीला सांगितलंस, हे वाचून बरं वाटलं. आणि शेवटची दोन वाक्यं. "आता दिल्लीत माझं म्हणावं असं तूच एक आहेस. मार्चमध्ये तुला इथे डब्लिनला आणणार आहे, तिकीट मी काढते, जयंतकाकांना ताप देऊ नकोस."

हे मी पाच वेळा वाचलं. फोन चार्जिंगला लावून सहाव्यांदा वाचलं. जयंतला वाचून दाखवलं नाही.

आम्हाला मूल नाही हे तुला माहीतच आहे. उलान बातरच्या त्या तीन वर्षांत पहाडगंजच्या मराठी शाळेत तुझ्या डायरीवर पालकांची सही मी करायची. माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली शुक्रवारी कन्फेशनला रांग लावायच्या आणि पाच मिनिटांत हलक्या होऊन खिदळत बाहेर यायच्या. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे तशी खिडकी नव्हती. आई म्हणायची, ज्याचं चुकवलंस त्याच्यासमोर जाऊन सांग. मला त्या मुलींचा हेवा वाटायचा.

आज बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट रिकामं केलं. त्यात ताईंची कार्यक्रमांची वही मिळाली. तारीख, गाव, साथीला कोण, कुठले राग, आणि शेवटच्या रकान्यात भैरवी कोणती. बैठक भैरवीनं संपवायची, ही त्यांची शिस्त. स्वानंदीला सांग, भैरवी झाली की श्रोत्यांना कळतं, आता उठायचं. वहीत एकोणसाठ कार्यक्रम आहेत. निम्मे गणपतीतले, वीस-वीस मिनिटांचे. दोन तासांची पूर्ण बैठक, फक्त त्यांची, अशी एकच नोंद आहे. सोमवार, १७ नोव्हेंबर २०१४, मॉरिशस. राग तीन. भैरवीचा रकाना कोरा. त्यानंतर वहीत काही नाही.

मी वही मिटून ठेवली आणि भांडी बांधायला घेतली. आज इथेच थांबते. पुढचं पत्र लवकर लिहीन. तिकीट मात्र ते पत्र वाचेपर्यंत काढू नकोस.

तुझी मावशी


रविवार, ३० नोव्हेंबर

रेवती,

हे पत्र एकटी असताना वाच. स्वानंदीला नंतर.

तुझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं तो शनिवार होता, १५ तारीख. ताई गुरुवारी मॉरिशसला गेल्या होत्या. तिथल्या मराठी मंडळींनी बोलावलं होतं, अडुसष्टाव्या वर्षी. मी आणि जयंत बाबांना हॉस्पिटलात घेऊन गेलो. दुपारपर्यंत ते बोलत होते, नर्सला तिचं गाव विचारत होते. मी फोन काढला तसा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "चंदाला कळवायचं नाही."

मी म्हटलं, "भाऊजी, असं कसं?"

"सोमवारी तिचं गाणं आहे. मंगळवारी सांग. सुमित्रा, प्रत्येक वेळी माझ्या बदलीनं तिची बैठक मोडली. ही मोडू नकोस."

"आणि काही झालं तर?"

"क्या होगा यार, मंगळवारपर्यंत तर थांबतोच मी."

त्यांचे हे शब्द अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. ते तुझे होते. मी तुला दिले नाहीत.

ताईंचा मोबाईल तिथे चालत नव्हता हे तुला आठवत असेल. त्या यजमानांच्या घरून रोज संध्याकाळी बाबांच्या फोनवर फोन करायच्या. त्या दिवशी फोन माझ्या पर्समध्ये होता. सात वाजता वाजला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात गेले आणि म्हटलं, "सगळं ठीक आहे ताई. मी सहज आले होते तुमच्याकडे. भाऊजी भाजी आणायला गेलेत." त्या म्हणाल्या, "अच्छा." मग म्हणाल्या, "उद्या करते." रविवारी पुन्हा फोन आला, मी सांगितलं, झोपलेत. तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते.

रविवारी सकाळी प्रकृती बिघडली तेव्हा मी तुला बंगळूरला फोन केला. दुपारी तू धावत आलीस, पाठीवरची बॅगही उतरवली नव्हतीस, आणि विचारलंस, "आईला कधी कळवलं?"

मी म्हटलं, "लगेच."

एवढाच शब्द. मी विचार करून बोलले नव्हते. एका बायकोपासून तिच्या नवऱ्याचं दुखणं मी लपवलं, हे तुझ्या त्या चेहऱ्यासमोर मला सांगता आलं नाही. वाटलं, थोड्या वेळानं सांगू. मग तू म्हणालीस, "शनिवारीच? मग ती निघाली ना?" मी म्हटलं, "तिकीट बघतायत." तू नंबर मागितलास. मी म्हटलं, "मी बोलतेय त्यांच्याशी, तू बाबांजवळ बस." एका शब्दाला दुसरा लागत गेला. मंगळवारी सकाळी आठला बाबा गेले. मग मी ताईंना खरं सांगितलं. विमान रोज नव्हतं, त्या शुक्रवारी पोचल्या. तोवर तू अग्नी देऊन मोकळी झाली होतीस, आणि त्या मंडळींनी फेसबुकवर टाकलेले सोमवारचे फोटो तू पाहिले होतेस. मोरपंखी साडी, डोळे मिटलेले, हात वर.

ताई टॅक्सीतून उतरून दारात आल्या. तू त्यांना आतसुद्धा येऊ दिलं नाहीस. विचारलंस, "मावशीनं तुला शनिवारी कळवलं. आणि तू सोमवारी गायलीस?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातल्या चपला बघत होते.

"हो," त्या म्हणाल्या. "गायले."

"किती वेळ?"

"दोन तास."

तू तेराव्यापर्यंतही थांबली नाहीस.

त्या दिवसापासून मी असं धरून चालले की ताईंनी मला वाचवलं. मी त्यांना विचारलं होतं, महिन्याभरानं. म्हटलं, "ताई, मी रेवतीला आज फोन करून सांगते." तर म्हणाल्या, "नको. माझ्यावर रागावली तर दिल्लीत तुझ्याकडे तरी उतरेल. तुझ्यावर रागावली तर कुठे उतरणार? ह्या घरात तिला बाबा दिसतात." मला ते पटलं. खरं सांगू, मला ते सोयीचं पडलं. तू यायचीस, आमच्याकडे उतरायचीस, आणि तुझी आई दोन गल्ल्या पलीकडे असायची. तू आलीस की त्या मला फोन करायच्या नाहीत. तू गेल्यावर विचारायच्या, "जाडी झाली की बारीक?"

आता दुसरा भाग. हा मलाही ह्या ऑगस्टपर्यंत माहीत नव्हता.

आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात भेंडी पुसत बसलो होतो. मधेच त्या म्हणाल्या, "सुमित्रा, ह्यांनी आयुष्यात कधी भाजी आणली होती का गं?"

मला आधी कळेना काय विचारतायत.

"चार देशांत राहिलो. ह्या माणसाला कुठल्या देशात मंडई कुठे आहे ते माहीत नव्हतं. आणि तू म्हणालीस, भाजी आणायला गेलेत. संध्याकाळी सात वाजता. एकटे."

माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली.

"आणि तुझा आवाज. 'ठीक आहे' म्हणताना दोन सूर वर गेला होता तुझा. तू खोटं बोलत होतीस ते मला शनिवारीच कळलं."

मी म्हटलं, "मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," ताई म्हणाल्या. "म्हणून नाही विचारलं."

बराच वेळ त्या भेंडी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गायचं होतं, सुमित्रा. एकदा. पूर्ण. वाटलं, मंगळवारी विचारू. हे थांबतील. नेहमी थांबायचे, माझी साडी नेसून होईपर्यंत गाडी थांबवून ठेवायचे." भैरवी का नाही गायलीत, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "शेवटी भैरवी लावायला गेले आणि धीर झाला नाही. घसा बसला म्हणून उठले."

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "रेवतीला मी 'हो' म्हटलं ते तुला वाचवायला नाही. ते खरं होतं. तू उगीच इतकी वर्षं माझे उपकार मानत होतीस."

"मग तिला सांगू या की. दोघी मिळून."

"तू सांग, वाटलं तर. पण सांगशील तर दोन्ही सांग. मी कशी चांगली होते हे एकटं सांगू नकोस. अर्धं सांगितलंस तर ती मला देवी करेल आणि तुला राक्षसीण. दोन्ही चूक."

मी म्हटलं, ह्या दिवाळीत सांगते, ती आली की. त्या दिवाळीपर्यंत राहिल्या नाहीत.

रेवती, मी दोन्ही सांगितलं. तुझ्या आईनं चूक केली, तिला ती ठाऊक होती. पण तू ज्या गोष्टीसाठी अकरा वर्षं तिच्याशी बोलली नाहीस, ती तशी घडली नव्हती. शनिवारी तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तुला तिच्याशी भांडायचं होतं तर निदान खऱ्या गोष्टीवरून भांडता आलं असतं, आणि तशा भांडणातून माणसं परत येतात. तो मार्ग मी बंद केला. तिच्या 'हो'मुळे नाही. माझ्या 'लगेच'मुळे, आणि त्यानंतर तू दर वर्षी आमच्याकडे उतरत राहिलीस तेव्हा मी जे गप्प बसले त्यामुळे. तू येतेस हे मला आवडत होतं. हे कारण लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

क्षमा कर असं लिहून तुझ्यावर उत्तराचं ओझं टाकत नाही. उद्या सकाळी पोस्टात जाऊन हे स्वतः रजिस्टर करते.

सुमित्रा


रविवार, १४ डिसेंबर

रेवती,

मंगळवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तू सही करून पत्र घेतलंस असं ट्रॅकिंगमध्ये दिसतं. आज रविवार. जयंत म्हणतो, सारखा फोन उघडून बघू नकोस, तिला वेळ लागेल. मी उघडून बघते.

हे पत्र फक्त सामानाचं आहे. घर ३१ ला रिकामं होईल.

तानपुरा अपूर्वाला द्यायचा ठरवलं आहे. ताईंची शेवटची विद्यार्थिनी, चौदा वर्षांची, बल्लभगढहून मेट्रोनं यायची. तिचे वडील म्हणाले, "इतनी बड़ी चीज़ हम कहाँ रखेंगे?" ती म्हणाली, माझ्या पलंगावर, मी खाली झोपेन. प्रतीक गाडीनं पोचवील. तुझी हरकत असेल तर २५ पर्यंत कळव. नाही कळवलंस तर हो समजते.

हार्मोनियम पहाडगंजच्या शाळेला. त्यांनी मागितली होती. एक पट्टी दबलेली राहते, हे त्यांना सांगितलं आहे.

बंदिशींच्या सात वह्या स्वानंदीला. तिला वाचता येणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी तिलाच. प्रतीकनं सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले आहेत. कार्यक्रमांची वही त्यात ठेवलेली नाही. ती तुला वेगळी पाठवते, तू ठरव.

ताईंचे रद्द झालेले पासपोर्ट, पाच, तुला. शेवटच्यावर मॉरिशसचा शिक्का आहे. बाबांचा चष्मा आणि घड्याळ त्याच पाकिटात.

साड्या प्रतीकच्या बायकोनं आणि अपूर्वाच्या आईनं वाटून घेतल्या. मोरपंखी कोणाला दिलेली नाही. ती कोणाला द्यावी हे मला कळत नाही, ती कपाटात तशीच आहे.

कुंड्या खाली बाग बघणाऱ्या माळीकाकांना. फ्रीज जुना, तो भंगारवाला नेईल. मी काही घेतलेलं नाही. स्टीलचा चहाचा डबा तेवढा आणला, तो माझाच होता, २००३ पासून परत मागत होते.

मार्चचं काय ते तू ठरव. ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तरी ते मला उत्तर म्हणून पुरेल.

घराची किल्ली ताईंच्या समोरच्या दारातल्या कौशल्याजींकडे ठेवली आहे. त्या दिवसभर घरीच असतात, हिंदीत बोल, कोण म्हणून विचारतील, चंद्रप्रभाची मुलगी म्हण. माझ्याकडे मुद्दाम ठेवलेली नाही. तुला यावंसं वाटलं, तर मला न भेटता येता यावं.

सुमित्रा